ट्वायलाइट: पिक्चर डोक्यात गेला, आता पुस्तक वाचू का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मागे एकदा बोलता बोलता सांगून बसले की ‘ट्वायलाइट’चा पिक्चर बघताना मी उशीत तोंड खुपसून हसले होते आणि पुस्तक मात्र तीन रात्रींत संपवलं. तेव्हापासून ओळखीची-बिनओळखीची माणसं हेच विचारत सुटलीयेत, कोणी चिडून, कोणी लाजत, कोणी ‘मैत्रिणीसाठी विचारतेय हां’ म्हणून. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून घसा बसला, म्हणून सगळे प्रश्न एकदाचे इथे. शेवट-बिवट सगळं फोडलेलं आहे, आधीच सांगते.

ताई, पिक्चर अर्ध्यातच बंद केला होता. पुस्तक वाचण्यात काही अर्थ आहे का?

कशामुळे बंद केला होतात ते आधी आठवा, उत्तर त्यावरच आहे. ‘कोणी काही बोलतच नाही, नुसते एकमेकांकडे बघत उभे, ती मुलगी तर सारखी पापण्या फडफडवते’ अशी तक्रार असेल तर पुस्तक बिनधास्त घ्या, कारण पिक्चरमध्ये जे गायब आहे तेच पुस्तकात ठासून भरलंय, म्हणजे नायिका बेलाच्या डोक्यातली बडबड. ‘तो मुलगा पाठलाग करतो, विचित्र वागतो’ ही तक्रार असेल तर सॉरी, पुस्तकात ते कमी नाही, उलट जास्तच आहे (त्यावर खाली वेगळा प्रश्न घेतलाय). आणि ‘व्हँपायर असून भीती कशी वाटत नाही’ म्हणून वैतागला असाल तर पुस्तकाच्या वाटेला जाऊच नका, तिथे तर साडेतीनशे पानं उलटेपर्यंत व्हिलनच येत नाही.

माझं म्हणाल तर मी पिक्चर हॉस्टेलवर बघितला, एका लॅपटॉपभोवती सहा जणी, आणि नायक एडवर्डचा चेहरा वर्गात पहिल्यांदा वाकडा झाला तेव्हा आमच्यातली एक म्हणाली ‘याला इसबगोल द्या कोणीतरी’, तिथून पुढे पिक्चर सीरियसली बघणं शक्यच नव्हतं. पुस्तक बऱ्याच वर्षांनी किलोवर पुस्तकं विकणाऱ्या एका प्रदर्शनात हाती लागलं. काळं कव्हर, दोन गोरे हात, त्यात लाल सफरचंद. किलो भरायला थोडं कमी पडत होतं म्हणून टाकलं पिशवीत, एवढंच. आधी कोणीतरी वाचलेली प्रत होती, समासात पेन्सिलने शेरे मारलेले, पहिल्या शंभर पानांत नुसते बदाम. पुढे ते शेरे बदलत गेले, तेही सांगते.

मुळात हे पुस्तक आहे तरी काय? मला फक्त पिक्चरचं नाव माहितीये.

स्टेफनी मायर या अमेरिकन बाईंची पहिली कादंबरी, ऑक्टोबर २००५ मध्ये आली, मूळ हार्डकव्हर ४९८ पानांचं. सतरा वर्षांची बेला स्वान फिनिक्सच्या रणरणत्या उन्हातून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात वडिलांकडे राहायला येते, वडील चार्ली तिथले पोलीस चीफ, आणि शाळेत बायॉलॉजीला तिच्या शेजारी एडवर्ड कलन बसतो जो १९१८ च्या फ्लूच्या साथीत मरता मरता व्हँपायर झालेला असतो. म्हणजे वय सतरा, पण गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं सतराच.

मायरबाई तेव्हा तीन लहान मुलांना सांभाळत घरी होत्या. जून २००३ मध्ये त्यांना स्वप्न पडलं की कुरणात एक साधी मुलगी आणि एक उन्हात चमचमणारा व्हँपायर बोलत उभेत, तो तिला सांगतोय की तू मला आवडतेस आणि तुझं रक्तही प्यावंसं वाटतंय. उठल्या आणि लिहायला बसल्या, तीनेक महिन्यांत पुस्तक पूर्ण. ते स्वप्न म्हणजे आताचं तेरावं प्रकरण, सगळ्यात आधी लिहिलेलं. हे एवढ्यासाठी सांगतेय की माझ्या प्रतीत नेमका तिथलाच एक फर्मा गायब होता, ज्यासाठी अख्खं पुस्तक लिहिलं गेलं तीच सोळा पानं! विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, मॅडम, किलोवर घेतलं ना, मग वजनात तेवढं कमीच भरलं असेल. यावर काय बोलणार. ती पानं शेवटी मैत्रिणीच्या मोबाइलवर वाचली.

स्टोरी तर माहितीच आहे. मग वाचताना सस्पेन्स काय राहणार?

काही राहणार नाही, आणि तो तसाही नव्हताच. तो व्हँपायर आहे हे पुस्तक हातात घेण्याआधीच सगळ्या जगाला माहिती असतं, फक्त बेलाला नऊ प्रकरणं लागतात. मजा आहे ती ती कशी अंदाज बांधते त्यात, कधी वाटतं हा सुपरहिरो असेल, कोळी चावला असेल, स्वतःलाच हसते, परत तिथेच येते. ज्यांना शेवट कळला की पुस्तकातला रसच जातो त्यांनी नका वाचू. ज्यांना माहितीतली गोष्ट परत ऐकायला आवडते, आजी सांगायची तशी, त्यांना चालेल.

बेला पुस्तकातही तशीच ठोकळा आहे का?

नाही! हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याचंच उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

पुस्तक पूर्ण बेलाच्या तोंडून आहे. ती बाहेरून कमी बोलते हे खरं, पण आतून तिची कॉमेंट्री एक मिनिट थांबत नाही, कोणाच्या केसांबद्दल, कँटीनबद्दल, स्वतःच्या धडपडण्याबद्दल. थोडी कुजकट आहे, थोडी आळशी, पी.टी.च्या तासाला घाबरणारी, आणि वडिलांना स्वयंपाक येत नाही म्हणून घरातलं किचन दुसऱ्याच दिवशी ताब्यात घेणारी. पहिल्या दिवशी एडवर्ड तिच्याकडे मारक्या म्हशीसारखा बघतो तेव्हा ती गुपचूप स्वतःचे केस हुंगून बघते की माझा वास येतोय का, आणि येतो तो तिच्या लाडक्या शांपूचा, स्ट्रॉबेरीचा. किंवा जवळच्या ला पुशच्या समुद्रकिनाऱ्यावर जेकब या तिथल्या आदिवासी जमातीतल्या मुलाकडून कलन कुटुंबाची माहिती काढायची म्हणून ती मुद्दाम त्याच्याशी फ्लर्ट करते, आणि ते करताना मनात सारखं चाललेलं असतं की मला हे अजिबात जमत नाहीये, किती भंगार करतेय मी, आणि तो पंधरा वर्षांचा पोरगा भुलतो तरी! पिक्चरमध्ये हे डोक्यातलं सगळं काढून टाकलं की उरतं काय, एक मुलगी उभी आहे आणि बघतेय. तेच आपण बघितलं आणि म्हणालो ठोकळा.

आता लगेच तिला आदर्श नायिका करू नका. सतराशे साठ वेळा एडवर्ड किती सुंदर आहे ते सांगते, तो आला की बाकी मित्रमैत्रिणी तिच्या लेखी फर्निचर होतात. जेसिका आणि अँजेला या दोघींचं वाईट वाटतं मला.

पिक्चरमध्ये नेमकं काय गाळलंय आणि काय घुसडलंय?

पूर्ण यादी काढली तर रात्र होईल. मला लागलेलं सांगते.

गाळलेलं पहिलं म्हणजे रक्तगटाचा तास. बायॉलॉजीचे सर सगळ्यांच्या बोटाला सुई टोचून रक्तगट काढायला लावतात आणि बेलाला चक्कर येते, रक्त बघून नाही, रक्ताच्या वासाने. गंज आणि मिठासारखा वास, म्हणते ती. एडवर्ड चकित होतो, कारण माणसांना रक्ताचा वास येत नाही असं त्याला वाटत असतं. तो स्वतः त्या तासाला दांडी मारून बाहेर बसलेला, कारण उघड आहे. बघा ना, व्हँपायरच्या प्रेमात पडणारी मुलगी आणि तिलाच रक्त सहन होत नाही, इतका मस्त प्रसंग, आणि पिक्चरने त्याऐवजी शाळेची ट्रिप ग्रीनहाऊसला नेली.

दुसरं, डान्सला तिला एकामागोमाग तीन मुलं विचारतात. तिसऱ्याला, म्हणजे टायलरला, विचारायची संधी मिळावी म्हणून एडवर्ड पार्किंगच्या वाटेत स्वतःची गाडी आडवी घालून सगळ्यांना अडकवून ठेवतो आणि आरशातून तिची फजिती बघत हसत बसतो. या प्रसंगात तो मला पहिल्यांदा आवडला. पिक्चरमधल्या एडवर्डला विनोदबुद्धीच नाहीये हो, पुस्तकातला चिडवतो, टोमणे मारतो, आणि शेवटी त्याच टायलरला फोनवर शांतपणे कळवतो की ती आता कधीच मोकळी नसणार.

तिसरं, तिला पाठीवर घेऊन तो जंगलातून धावतो ते. पिक्चरमध्ये ती दोघं झाडाच्या शेंड्यावर, मागे धुकं, म्युझिक, आणि त्याआधी तो तिला माकडाची उपमा देतो (ती पुस्तकात नाही, देवाची कृपा). पुस्तकात खाली उतरल्यावर तिला मळमळतं आणि गुडघ्यात डोकं घालून बसावं लागतं. घाटात एस.टी. लागणाऱ्या माणसाला हे लगेच पटेल.

आणि तो फेमस जंगलातला सीन, जिथे तो तिला वदवून घेतो की मी कोण आहे ते मोठ्याने बोल, तो पुस्तकात तसा नाहीच. पोर्ट अँजेलिस या जवळच्या शहरातून रात्री गाडीतून परत येताना बोलता बोलता निघतं ते, ती सांगते जेकबने मला तुमच्या गोष्टी सांगितल्या, आणि मला काही फरक पडत नाही. तो उलट चिडतो की फरक कसा पडत नाही. एकदम घरगुती भांडण.

घुसडलेलं म्हणाल तर चार्लीच्या मित्राचा खून पिक्चरचा आहे. पुस्तकात जेम्स, व्हिक्टोरिया आणि लॉरां ही व्हिलन मंडळी थेट बेसबॉलच्या मॅचमध्ये उगवतात, अठराव्या प्रकरणात. पिक्चरवाल्यांना दोन तासांत भीती तयार करायची होती म्हणून त्यांनी मुडदे आधीपासून पाडायला घेतले, ते मला तरी मान्य आहे. कलन कुटुंब बेलासाठी इटालियन जेवण करतं तेही पिक्चरचंच. आणि शेवटची मारामारी पुस्तकात जवळजवळ नाहीच, कारण सांगणारी बेला बेशुद्ध पडत चाललेली असते, तिला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. ॲक्शनसाठी वाचणार असाल तर इथे फसगत होईल.

ते उन्हात चमकणं पुस्तकात तरी पटतं का?

पटतं असं नाही म्हणणार, पण हसू येत नाही. पिक्चरमध्ये जंगलात दोन सेकंद शर्ट उघडतो आणि घुंगरांसारखा आवाज येतो. पुस्तकात तो कुरणात ऊन खात पडलेला असतो आणि ती तासन्‌तास शेजारी बसून बघत असते, हळूच एका बोटाने त्याच्या हातावरून रेघ ओढते, थंड, गुळगुळीत, दगडासारखा हात. बाईंचं स्वप्न ते हेच, त्यामुळे लिहिताना त्या जिवावर उदार झाल्यात. बाकी त्यांचे व्हँपायर म्हणजे सुळे नाहीत, झोप नाही, शवपेटी नाही, प्राण्यांचं रक्त प्यायले तर डोळे सोनेरी आणि भूक लागली की काळे. उन्हाने जळत नाहीत, फक्त चमकतात, आणि म्हणूनच ऊन न पडणाऱ्या गावात राहतात. एवढं लॉजिक मान्य केलं की पुढे जाता येतं.

फोर्क्स खरंच आहे का? आणि सगळं एवढं निळं का दिसतं?

गाव खरं आहे, ऑलिंपिक पेनिन्सुलावर, वस्ती तीन-साडेतीन हजार, पूर्वी लाकूडतोडीवर चाललेलं. बाईंनी अमेरिकेतलं सगळ्यात पावसाचं गाव इंटरनेटवर शोधलं आणि प्रत्यक्ष न बघताच लिहायला घेतलं. पिक्चर मात्र तिथे नाही, बराचसा शेजारच्या ओरेगनमध्ये शूट झालाय आणि तो निळा-हिरवा रंग दिग्दर्शिका कॅथरिन हार्डविकने मुद्दाम ठेवलाय. पुस्तकात रंग हिरवा आहे, दगडांवर शेवाळ, झाडांवर शेवाळ, बेला कंटाळून म्हणते हा तर दुसराच ग्रह. फोर्क्सला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस होतो. महाबळेश्वरला याच्या दुपटीच्या आसपास पडतो, त्यामुळे तिची रडगाणी वाचताना कोकण-घाटावरचा माणूस जरा गालात हसतो. फरक एवढाच की आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथे वर्षभर पिरपिर.

इंग्रजी किती अवघड आहे? मी मराठी मीडियमची.

मीही मराठी मीडियमचीच. सोपं आहे, टीनएजर्ससाठी लिहिलेलं, वाक्यं छोटी, बोलणं भरपूर. काही शब्द बाईंना फारच लाडके आहेत, ‘शग्रिन’ म्हणजे ओशाळलेपण हा त्यातला एक, तो इतक्यांदा येतो की डिक्शनरी एकदाच उघडावी लागते. पहिलं इंग्रजी पुस्तक म्हणून मी दोघीतिघींना हेच दिलं आणि त्यांनी संपवलं. ऐकायचं असेल तर इलियाना कदुशिनने वाचलेलं ऑडिओबुक आहे, भाकऱ्या थापताना बरं पडतं.

तो रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेलं बघतो. हे रोमँटिक कसं काय? मला तर किळस आली होती.

येऊ दे, यायलाच हवी. पुस्तकात हे सौम्य होईल या आशेवर वाचत असाल तर तसं होत नाही. तो कित्येक रात्री तिला न सांगता येत असतो, ती झोपेत बोलते ते ऐकत असतो, आणि तिला हे कळतं तेव्हा ती कशावर लाजते, तर झोपेत मी तुझं नाव घेतलं का यावर! माझ्या प्रतीतल्या पेन्सिलवाल्या बाई (बाईच असणार, अक्षर तसं होतं) इथपर्यंत बदाम काढत आलेल्या, आणि या पानावर बदाम नाही, फक्त एक ओळ: ‘अरे पण हा घरात शिरला कसा???’ तीन प्रश्नचिन्हं. मला त्या बाईंना भेटायचंय.

माझं मत विचाराल तर पुस्तकात एक गोष्ट बरी आहे, तो स्वतःच सारखा सांगत असतो की मी धोकादायक आहे, लांब राहा. पण सांगायचं लांब राहा आणि यायचं खिडकीतून, हे कुठल्या हिशेबात बसतं. त्यात गाडी कशी चालव, कोणासोबत फिर, हेही ठरवणार. पिक्चर बघून तुम्हाला हे खटकलं असेल तर तुमचं चुकलेलं नव्हतं. पुस्तक वाचून मला एवढंच कळलं की बेला त्याला का येऊ देते, आणि कळलं म्हणून पटलं असं काही नाही.

जेकब आणि त्याची जमात खरी आहे का? ते लांडग्यांचं वगैरे?

जेकबची क्विल्यूट जमात खरी आहे, ला पुशही खरं, समुद्राला लागून तेव्हा जेमतेम चौरस मैलाची, जमातीसाठी राखीव जमीन. त्यांच्या मूळकथेत लांडग्यांपासून माणसं झाली हे आहे. थंड रक्तपिपासूंशी वैर, करार, ते सगळं मायरबाईंच्या डोक्यातलं. पुस्तकं गाजल्यावर ही सरमिसळ इतकी झाली की सिएटलच्या बर्क म्युझियमने जमातीच्या लोकांना सोबत घेऊन खरं काय आणि कादंबरीतलं काय हे सांगणारी वेबसाइट काढली. जमातीची खरी काळजी वेगळीच होती, गाव त्सुनामीच्या पट्ट्यात, शाळा अगदी किनाऱ्यावर. २०१२ साली नॅशनल पार्कमधली उंचावरची जमीन त्यांना देण्याचा कायदा झाला तेव्हा कुठे हलायची सोय झाली. पहिल्या पुस्तकात जेकब थोडाच आहे, तो खरा येतो दुसऱ्यात.

पुस्तकात तुमचं सगळ्यात आवडतं पान कोणतं? प्लीज कुरण म्हणू नका.

कुरण नाही. बर्फातल्या साखळ्या.

तिसऱ्या प्रकरणात आदल्या रात्री सगळं गोठलेलं असतं. बेला घाबरत घाबरत शाळेपर्यंत गाडी आणते, आज घसरली कशी नाही म्हणून नवल करते, उतरून मागे जाऊन बघते तर टायरांना साखळ्या बांधलेल्या. वडिलांनी. पहाटे कधीतरी थंडीत उठून, न सांगता, आणि तसेच ड्यूटीवर निघून गेलेले. तिचा गळा दाटून येतो, कारण आजवर घरात काळजी घ्यायची ती हिने, आईचीसुद्धा. ती तिथे त्या साखळ्यांकडे बघत उभी असतानाच व्हॅन घसरत अंगावर येते आणि एडवर्ड मध्ये पडतो. सगळ्यांना ती व्हॅनच लक्षात राहते. मला चार्ली आठवतो, कारण माझे बाबाही असलेच, तोंडातून शब्द नाही पण दहावीच्या परीक्षेच्या दिवशी सायकलमध्ये हवा भरलेली. पिक्चरमध्ये याचं नवीन टायर घातलेत असं एक वाक्य झालंय, चहा पिता पिता निसटून जाईल इतकं.

मग पिक्चरमध्ये काहीच बरं नाही का?

आहे ना. बिली बर्कचा चार्ली फर्स्ट क्लास, एडवर्ड भेटायला येणार म्हटल्यावर बंदूक साफ करत बसतो ते. बेसबॉलची मॅच पुस्तकात ठीकठाक आहे, पिक्चरमध्ये म्यूझ या बँडच्या गाण्यावर जी काही झालीय ती भारीच. बेलासाठी वाजवलेली पियानोची धून पुस्तकात नुसती वाचायला मिळते, पिक्चरमध्ये संगीतकार कार्टर बरवेलने ती खरंच ऐकवली. आणि ॲक्टिंगबद्दल विचारणाऱ्यांना एकच, बेला झालेल्या क्रिस्टन स्टुअर्टला पुढे ‘स्पेन्सर’साठी ऑस्कर नॉमिनेशन मिळालं, एडवर्ड झालेला पॅटिन्सन बॅटमॅन झाला, म्हणजे माणसं काही बिनकामाची नव्हती. ३.७ कोटी डॉलरमध्ये केलेल्या पिक्चरने ४० कोटींच्या वर कमावले, तेव्हा रडायचं कारण कोणालाच नव्हतं.

पुढची पुस्तकं वाचू का? क्रम काय?

‘न्यू मून’ २००६, ‘एक्लिप्स’ २००७, ‘ब्रेकिंग डॉन’ २००८. याच क्रमाने. पहिलं आवडलं असेल तर दुसरं वाचा, त्यात एडवर्ड सोडून जातो आणि पानांवर फक्त महिन्यांची नावं येतात, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, बाकी कोरं. इतकं साधं, पण पोटात खड्डा पडतो. (पिक्चरमध्ये तिच्या खुर्चीभोवती कॅमेरा फिरतो आणि खिडकीबाहेर ऋतू बदलतात, तेही चांगलंय, मान्य.) तिसरं मला ओढूनताणून वाटलं. चौथं विचित्र आहे, मधला मोठा भाग जेकबच्या तोंडून, आणि एक अपवाद लक्षात ठेवा: शेवटच्या पिक्चरमधली ती मुंडकी उडवणारी मारामारी बघून कोणी पुस्तक घेणार असेल तर ती पुस्तकात नाहीच्चे, तिथे सगळे बर्फात उभं राहून बोलतात आणि घरी जातात. त्या पिक्चरला वर्षातल्या सगळ्यात वाईट पिक्चरचा रॅझी मिळाला, पण थिएटरमध्ये तेव्हा लोक किंचाळले होते हेही खरं.

डायरेक्ट ‘मिडनाइट सन’ वाचलं तर? ते एडवर्डच्या बाजूने आहे म्हणे.

नको. तीच गोष्ट एडवर्डच्या डोक्यातून आहे, ऑगस्ट २०२० मध्ये आली, साडेसहाशेच्या वर पानं. बेलाचं आधी वाचलेलं असेल तरच मजा. २००८ मध्ये अर्धवट ड्राफ्ट कोणीतरी फोडला, बाई चिडल्या आणि थेट बारा वर्षांनी पूर्ण केलं. पण ज्यांना तो वर्गातला वाकडा चेहरा कळला नव्हता, आमच्या इसबगोलवालीसकट, त्यांनी याचं पहिलं प्रकरण तरी वाचाच: तो त्या तासभर बसून हिशेब करत असतो की या मुलीला मारायचं तर वर्गातल्या बाकी सगळ्या पोरांचं काय करायचं. वाचून मी गप्प झाले. तो चेहरा बरोबरच होता की.

आणि ‘लाइफ अँड डेथ’?

२०१५ ला दहा वर्षं झाली म्हणून काढलं, मुलाची मुलगी आणि मुलीचा मुलगा केलाय, बेलाचा बो, एडवर्डची एडिथ. शेवटही वेगळा आहे. हौस असेल तर वाचा, नसेल तर काही अडत नाही.

मुलगी तेरा वर्षांची आहे, वर्गात सगळ्या वाचतायत. देऊ का?

पहिलं द्या. चुंबनापलीकडे काही नाही. पोर्ट अँजेलिसला काही पुरुष बेलाचा पाठलाग करतात तो भाग आणि शेवटची बॅले स्टुडिओतली मारहाण जरा अंगावर येते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २००९ च्या सर्वात जास्त तक्रारी आलेल्या पुस्तकांच्या यादीत हे होतं, कारणांमध्ये अश्लीलतासुद्धा, ते वाचून मी परत शोधलं की माझ्या गायब फर्म्यात होतं की काय! चौथं मात्र थांबवा, त्यात लग्न, गरोदरपण आणि एक रक्तबंबाळ बाळंतपण आहे. आणि देताना तुम्हीही वाचा, म्हणजे खिडकीवाल्या प्रश्नावर तिच्याशी बोलता येईल, भाषण न देता.

दीडशे पानं झाली, तरी बोअरच होतंय. सोडू का?

सोडा. दीडशे पानांत बेलाची बडबड आवडली नाही तर पुढे तीच आहे. फक्त पोर्ट अँजेलिसच्या हॉटेलपर्यंत पोचला नसाल तर तेवढं वाचा, ती मश्रूम राव्हिओली खातेय, तो काहीच खात नाही, आणि वेट्रेस त्याच्याकडेच बघतेय, तिथे पुस्तक जागं होतं. तिथेही नाही झालं तर तुमची सुट्टी.

पुस्तक आवडलं. आता पिक्चर परत बघू का?

बघा, पण एकटीने बघा. मी गेल्या दिवाळीत बहिणीबरोबर बघितला. यावेळी हसू आलं नाही असं नाही, चमकण्याला आलंच. पण बेला नुसती उभी असली की मला माहिती होतं तिच्या डोक्यात काय चाललंय, आणि मी ते सगळं मोठ्याने सांगत होते, आता ती केस हुंगतेय बघ, आता तिला पी.टी.चं टेन्शन आलंय बघ. चार्लीचं ते टायरचं वाक्य आलं तेव्हा मी रिमोट घेऊन पॉजच केलं आणि साखळ्यांची गोष्ट सुरू केली. बहीण म्हणाली, तू एक तर पुस्तक वाच नाहीतर पिक्चर बघ, मला दोन्ही एकदम नकोय, आणि रिमोट स्वतःच्या उशीखाली ठेवला.